‘प्रशिक्षित’ म्हणजे नक्की काय? मुंबईच्या क्रिकेट कोचवरचा एक पेपर वाचताना

मुलांच्या गटांबरोबर काम करणाऱ्या कुठल्याही संस्थेचा वार्षिक अहवाल उघडा. ‘यंदा अमुक इतक्या स्वयंसेवकांना प्रशिक्षण देण्यात आले’ हे वाक्य त्यात सापडणारच. खाली फोटो, फोटोत गोलात बसलेली मोठी माणसं आणि मागे फलक. आता संशोधक म्हणून त्या वाक्याकडे बघा. ते आपल्याला एवढंच सांगतं की त्या दिवशी त्या खोलीत इतकी माणसं होती. शनिवारी संध्याकाळी ती पुन्हा मुलांसमोर उभी राहिली तेव्हा काही वेगळं वागली का? आणि वागली असली तर त्यामुळे मुलांमध्ये काही बदललं का? दोन्ही प्रश्न तसेच राहतात.

आज आपण एक पेपर याच नजरेने वाचणार आहोत. २०१४ साली ‘जर्नल ऑफ इंटरपर्सनल व्हायलन्स’मध्ये आलेला, पहिल्या लेखिका एलिझाबेथ मिलर, सहलेखकांत मधुमिता दास आणि रवी वर्मा. विषय मुंबईतला: ‘परिवर्तन’ नावाचा कार्यक्रम. शाळेच्या क्रिकेट कोचना प्रशिक्षण द्यायचं, त्यांनी सरावाच्या वेळात मुलांशी मुलींबद्दल, मारहाणीबद्दल, ‘मर्द’ असण्याबद्दल बोलायचं आणि मुलांच्या मतांत आणि वागण्यात फरक पडतो का ते बघायचं.

हा पेपर मी दोन कारणांसाठी निवडला. एक, तो चांगला आहे. वाईट पेपरवर टीका करून फारसं शिकता येत नाही. दोन, मी माझगावात राहते आणि इथे हा प्रश्न कागदावरचा नाही. आमच्याकडे गल्लोगल्ली मुलांचे गट आहेत: गणेशोत्सव मंडळं, गोविंदा पथकं, अभ्यासिका, म्हातारपाखाडीकडचे चर्चचे युवागट, शाळांचे क्रिकेट-फुटबॉलचे संघ. ते चालवणारे बहुतेक जण बिनपगारी. दिवसा नोकरी, संध्याकाळी मुलं. यातल्याच एका मंडळाने मला विचारलं: आमच्याकडे थोडे पैसे आहेत. स्वयंसेवकांचं दोन दिवसांचं निवासी शिबिर घेऊ, की तेच पैसे एखाद्या अनुभवी माणसाला देऊन त्याला वर्षभर दर पंधरा दिवसांनी आमच्या गटात येऊन बसायला सांगू? दोन्ही परवडणार नाही. विज्ञानाची विद्यार्थिनी म्हणून मला वाटलं, याचं उत्तर संशोधनात असायला हवं. पेपर वाचायचा तो या प्रश्नासाठी.

पेपरने काय केलं

मूळ कल्पना अमेरिकेतली, ‘कोचिंग बॉइज इन्टू मेन’ नावाची. तिथे कोचला साधारण तासाभराचं प्रशिक्षण आणि कार्डांचा एक संच दिला जातो. दर आठवड्याला एक कार्ड, दहा-पंधरा मिनिटांचं बोलणं. मुंबईत हे इथल्या क्रिकेटला आणि इथल्या मुलांना साजेसं करून घेतलं गेलं. इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन ही संस्था पुढाकार घेणारी होती आणि हॅरिस शील्ड, जाइल्स शील्ड भरवणारी मुंबई शालेय क्रीडा संघटना सोबत होती. गोवंडीच्या शिवाजी नगरमध्ये ‘अपनालय’बरोबर वस्तीतल्या तरुणांना मार्गदर्शक म्हणून तयार करण्याचा वेगळा भागही होता. पण हा पेपर शाळांतल्या मुलांचा आहे.

१० ते १६ वयोगटातले तीनशेहून थोडे जास्त मुलगे. काहींचे कोच प्रशिक्षित, काहींचे नाहीत. सुरुवातीला एक प्रश्नावली, १२ महिन्यांनी पुन्हा तीच. निकाल असा: प्रशिक्षित कोचच्या मुलांची स्त्री-पुरुष समतेबद्दलची मतं तुलनेने जास्त सुधारली. पण कोणी त्रास देत असताना मध्ये पडण्याचा इरादा किंवा प्रत्यक्ष मध्ये पडणं, यांत फरक दिसला नाही. हसून साथ देणं, ‘चालू दे’ म्हणणं असं वाईट बघेपण कमी झालं, पण अगदी सीमारेषेवर.

आधी श्रेय देऊया. तुलनेचा गट ठेवला. वर्षभर थांबून मोजलं. शिबिर संपल्यावर लगेच फॉर्म भरून घेतला असता तर आकडे बहुधा गोड आले असते. जे बदललं नाही ते लपवलं नाही. आणि बाहेरून कोणी ताई-दादा आणण्याऐवजी मुलांच्या आयुष्यात आधीपासून असलेल्या माणसालाच हाताशी धरलं. ज्याच्या हातात संघनिवड आहे त्याचं मुलगा ऐकतो, हे मुंबईच्या मैदानावर वाढलेल्या कोणालाही सांगावं लागत नाही.

उपाय कोणावर केला, मोजलं कोणाला?

आता कागद-पेन घ्या आणि बाणांची एक साखळी काढा:

प्रशिक्षक → कोच → कोच आणि मुलांमधलं बोलणं → मुलाचं मत → मुलाचं वागणं.

प्रशिक्षण कोणाला दिलं? कोचला, म्हणजे दुसऱ्या कडीवर. पेपरचे मुख्य आकडे कुठले? मुलांचे, म्हणजे चौथ्या आणि पाचव्या कडीवरचे. मधली तिसरी कडी, म्हणजे सरावाच्या वेळी मैदानात खरोखर काय बोललं गेलं, निष्कर्षाच्या वाक्यात येत नाही. हा दोष या एकाच पेपरचा नाही. मोठ्या माणसांना तयार करून मुलांपर्यंत पोहोचणारे बहुतेक अभ्यास असेच लिहिले जातात. ‘प्रशिक्षित’ हा शब्द तिथे विजेच्या बटणासारखा वापरला जातो: चालू किंवा बंद.

मी मुळात सूक्ष्मजीवशास्त्राची, म्हणून माझ्या टेबलावरचं उदाहरण देते. ऑटोक्लेव्हमध्ये सामान निर्जंतुक करायला ठेवताना आपण त्यावर एक टेप लावतो. बाहेर काढल्यावर टेपवर काळे पट्टे उमटलेले असतात. नवीन मुलांना वाटतं, झालं निर्जंतुक. टेप फक्त एवढंच सांगते की हे सामान त्या उष्णतेतून गेलं. जंतू मेले का हे बघायला जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या चिवट जिवाणूच्या बीजाणूंची पट्टी आत ठेवतात आणि नंतर ती वाढवून बघतात. वाढ झाली नाही, तर निर्जंतुकीकरण झालं.

प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र म्हणजे ती टेप. माणूस त्या दोन दिवसांतून गेला, एवढीच खूण. बीजाणूंची पट्टी कुठे आहे, हे प्रत्येक पेपरला विचारायला शिका.

सॅक्रॅमेंटो आणि मुंबई: उलटे निकाल

मधली कडी न मोजल्याने काय बिघडतं? इथे दुसरा पेपर शेजारी ठेवावा लागतो. कॅलिफोर्नियातल्या सॅक्रॅमेंटोमध्ये याच कार्यक्रमाची चाचणी झाली. १६ हायस्कूल, २,००६ खेळाडू, शाळांची वाटणी चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक. निकाल २०१२ साली प्रसिद्ध झाला. हंगामाच्या शेवटी तिथल्या मुलांचा मध्ये पडण्याचा इरादा वाढला होता आणि मध्ये पडल्याचं त्यांनी सांगितलंही. पण समतेबद्दलची मतं बदलली नव्हती. वर्षभरानंतरच्या मोजणीत (पेपर २०१३चा) वाईट बघेपण आणि मैत्रिणीवर केलेला अत्याचार हे दोन्ही तुलनेने कमी निघाले. मतांत फरक तेव्हाही नव्हता.

परत वाचा. तिथे वागणं हललं, मत नाही. मुंबईत मत हललं, वागणं नाही. कार्यक्रम एकाच मुळाचा, निकाल जवळजवळ उलटे.

का? मला चार शक्यता दिसतात. एक, वय. तिथली मुलं हायस्कूलची, इथे १० वर्षांचाही मुलगा आहे. अकरा वर्षांच्या पोराने नाक्यावरच्या मोठ्या पोरांना अडवावं ही अपेक्षाच जड. दोन, प्रसंग. मध्ये पडायला आधी समोर काहीतरी घडावं लागतं. फक्त मुलांच्या संघात, फक्त मुलांच्या मैदानावर तसे प्रसंग किती? तीन, उत्तर देण्याची सवय. आपल्याकडची मुलं प्रश्नपत्रिकेचं ‘बरोबर’ उत्तर ओळखण्यात तयार असतात. सरांनी वर्षभर जे सांगितलं तेच फॉर्मवर टिक करणं म्हणजे मत बदलणं की पाठांतर? चार, कोचनेच विषय मतांपुरता ठेवला असेल: चांगलं बोलला, पण ‘अशा वेळी नेमकं काय म्हणायचं, कुठे उभं राहायचं’ याचा सराव घेतला नसेल.

आता बघा, या चार शक्यतांतून प्रशिक्षणासाठी चार वेगळे सल्ले निघतात. पहिली खरी असेल तर वयानुसार गट वेगळे करा. दुसरी असेल तर मोजण्याचं साधन बदला. तिसरी असेल तर सुधारणा झालीच नसेल. चौथी असेल तर कोचला भाषणापेक्षा नाट्यप्रसंग घ्यायला शिकवा. तिसरी कडी मोजलेली नसेल तर या चारांत निवड करता येत नाही. माझ्या मंडळाचा प्रश्न इथेच अडकतो: प्रशिक्षणाने काहीतरी झालं हे कळतं, पण त्यातल्या कशाने, हे नाही.

तीनशे मुलं म्हणजे तीनशे नव्हेत

दुसरा मुद्दा आकडेशास्त्राचा. घाबरू नका, बेरीज-गुणाकारच आहे.

एका कोचच्या हाताखालची दहा मुलं एकमेकांसारखी असतात. तीच शाळा, तीच वस्ती, तोच कोच. म्हणून दहावा मुलगा पूर्णपणे नवीन माहिती देत नाही. हे सारखेपण मोजतात त्याला गटांतर्गत सहसंबंध म्हणतात. समजा तो ०.१ आहे (हा माझा उदाहरणाचा आकडा, पेपरचा नाही). सूत्र असं: १ + (गटातली मुलं – १) × ०.१.

३० कोच, प्रत्येकाची १० मुलं, एकूण ३००. सूत्राने १.९ येतात. ३०० भागिले १.९, म्हणजे तुमच्याकडे खरी माहिती साधारण १५८ स्वतंत्र मुलांइतकी.

आता तीच ३०० मुलं, पण फक्त ६ कोच, प्रत्येकी ५०. सूत्राने ५.९. खरी माहिती जेमतेम ५१ मुलांइतकी.

मुलं तेवढीच, प्रश्नावल्या तेवढ्याच, घाम तेवढाच, आणि अभ्यासाची ताकद एक तृतीयांश. कारण आपण तपासत होतो मोठ्यांचं प्रशिक्षण, आणि मोठे सहाच होते. मिलर यांच्या गटाला हे गणित नीट ठाऊक आहे. मी सांगतेय ते तुमच्या प्रबंधासाठी. ‘माझं सॅम्पल ४०० मुलांचं आहे’ असं कोणी सेमिनारमध्ये म्हटलं की हात वर करा आणि विचारा: मोठी माणसं किती?

जे टिकले ते आधीच चांगले होते का?

सॅक्रॅमेंटोच्या पेपरमध्ये एक जास्तीचं विश्लेषण आहे, आणि ते मला फार मोहात पाडतं. ज्या मुलांना कार्यक्रम पूर्ण ताकदीने मिळाला, त्यांच्यात अत्याचाराचं वागणं ओळखण्याची क्षमताही वाढलेली दिसली. म्हणजे कोचने ठरलं तसं सगळं केलं की परिणाम मोठा. माझ्या मंडळासाठी हे सोन्यासारखं उत्तर: शिबिरापेक्षा पाठपुरावा करा, सगळी कार्डं पूर्ण होतील असं बघा.

पण थांबा. शाळांची वाटणी यादृच्छिक होती. कोणता कोच सगळी कार्डं पूर्ण करणार, हे मात्र चिठ्ठीने ठरलेलं नव्हतं. जो कोच आठवडा चुकवत नाही तो कदाचित मुळातच मुलांशी नीट बोलणारा असेल. त्याच्या हातात कार्डांऐवजी दुसरं काही दिलं असतं तरी त्याची मुलं पुढे गेली असती. स्वयंसेवकांच्या बाबतीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण स्वयंसेवक स्वतःहून येतो आणि स्वतःहून सोडतो. नोकरी बदलते, लग्न होतं, घर डोंबिवलीला जातं. वर्षाच्या शेवटी जे उरतात त्यांचीच सरासरी काढली की कार्यक्रम छानच दिसतो.

म्हणून नियम: ज्याला प्रशिक्षण दिलं त्याला शेवटपर्यंत मोजा, त्याने काम सोडलं तरी. आणि मुंबईचा पेपर स्वतः वाचाल तेव्हा पद्धतीच्या विभागात पहिली गोष्ट शोधा: कोणत्या कोचला प्रशिक्षण मिळणार हे कसं ठरलं? चिठ्ठीने की सोयीने? उत्तर सापडेपर्यंत निकालाचं पान उलटू नका.

ताडवाडीत प्रशिक्षण कसं तपासलं जातं

कोणी म्हणेल, मधली कडी मोजणं फार कठीण आहे. मला तसं वाटत नाही, कारण आमच्या भागात ती दरवर्षी मोजली जाते. माझगाव ताडवाडीचं गोविंदा पथक नऊ थरांसाठी ओळखलं जातं. अशा पथकांचा सराव अनेक ठिकाणी गुरुपौर्णिमेपासून सुरू होतो. पोरांना शिकवणारे दादा प्रमाणपत्रवाले नसतात. ते स्वतः कधीतरी वरच्या थरावर चढलेले, मग वजन वाढलं तसे खाली बेसला आलेले, मग बाहेर उभे राहून सूचना देणारे. त्यांच्या शिकवण्याची परीक्षा रोज रात्री, सगळ्यांसमोर होते. थर लागला की लागला, कोसळला की कोसळला. आणि कोसळला तर कोणत्या खांद्यावरून, हे जाणकार लगेच सांगतात.

गोडवे गाण्याचा हेतू नाही. याच खेळात पोरं जखमी झाली आहेत, म्हणूनच प्रकरण कोर्टात गेलं आणि २०१७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने १४ वर्षांखालच्या मुलांना बंदी कायम ठेवली. मुद्दा एवढाच की तिथे शिकवणाऱ्याला आपलं शिकवणं चुकलं हे त्याच रात्री कळतं. मुलांशी हिंसेबद्दल बोलणाऱ्या कोचला ते कोण सांगतं? शेजारी कोणी बसलेलंच नसतं.

स्काउट चळवळीलाही ही अडचण फार आधी दिसली होती. मुलांची पथकं भराभर उभी राहिली, ती चालवणारे मोठे मात्र अनुभव नसलेले. म्हणून १९१९ मध्ये इंग्लंडमधल्या गिलवेल पार्कला मोठ्यांसाठी वुड बॅजचा पहिला वर्ग झाला. आपल्याकडे तो हिमालय वुड बॅज म्हणून चालतो. त्या रचनेत लेखी अभ्यास होता, शिबिर होतं, आणि त्यानंतर आपलं स्वतःचं पथक चालवून दाखवणंही होतं. शिबिर हा प्रशिक्षणाचा एक भाग होता, शेवट नव्हता. शंभर वर्षांनी आपण तेवढाच भाग उचलून त्याला ‘प्रशिक्षण’ म्हणतो.

जे मोजायलाच हवं होतं

मला सर्वांत जास्त खटकतं ते वेगळंच. या अभ्यासांत मोजलेलं बहुतेक सगळं मुलांच्या मतांचं आणि वागण्याचं आहे. पण मोठ्या स्वयंसेवकाला एक गोष्ट अशी यावी लागते जिच्यात मुलाच्या मताचा संबंधच नाही. उद्या एखाद्या मुलाने सराव संपल्यावर थांबून सांगितलं, ‘दादा, आमच्या इथला एक जण मला हात लावतो,’ तर?

२०१२च्या पोक्सो कायद्याचं कलम १९ सांगतं की असा गुन्हा घडल्याचं माहीत असलेल्या किंवा घडेल अशी शंका असलेल्या कोणत्याही व्यक्तीने पोलिसांना किंवा विशेष बाल पोलीस पथकाला कळवलंच पाहिजे. न कळवल्यास कलम २१ खाली सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते आणि संस्थेच्या प्रमुखाला वर्षापर्यंत. ‘आधी घरच्यांशी बोलू’, ‘मंडळाचं नाव जाईल’, ‘नक्की खरं आहे का बघू’ ही तिन्ही वाक्यं चांगल्या माणसांच्या तोंडून येतात. प्रशिक्षणाने नेमकी हीच बदलायला हवीत. आणि हे मोजणं सोपं आहे. प्रसंग सांगा, विचारा: ‘तुम्ही पुढच्या तासाभरात काय कराल?’ उत्तर लिहून घ्या. प्रशिक्षणाआधी, लगेच नंतर आणि सहा महिन्यांनी. १०९८ हा नंबर आठवतो का तेही बघा. लांबलचक साखळी नाही, पहिल्या बाणावरच मोजणी. बीजाणूंची पट्टी हवी होती ना? ती ही.

तुमच्या प्रस्तावासाठी

या विषयावर, किंवा शिक्षक, आशाताई, मेंटर अशा कोणालाही प्रशिक्षण देऊन तिसऱ्याला मोजणाऱ्या कुठल्याही विषयावर प्रस्ताव लिहीत असाल तर एवढं करा:

१. बाणांची साखळी काढा आणि प्रत्येक बाणाशेजारी ‘हे मी कसं मोजणार’ ते लिहा. कोरी राहिलेली जागा म्हणजे तुमच्या व्हायव्हातला प्रश्न.

२. सॅम्पल मोजताना मोठी माणसं आधी मोजा, मुलं नंतर.

३. काही सत्रांना जाऊन शांत बसा. दहा सत्रांचं नीट निरीक्षण हजार टिकमार्कांपेक्षा जास्त सांगू शकतं. मुलांची आणि पालकांची परवानगी अर्थातच आधी.

४. सोडून गेलेल्यांचा हिशेब ठेवा. ते का गेले हाही डेटाच आहे.

५. प्रशिक्षण किती तासांचं, कोणी दिलं, नंतर कितीदा भेटले, हे इतकं तपशिलात लिहा की दुसऱ्या कोणाला तेच पुन्हा करता यावं.

मंडळाला मी काय सांगितलं? की हे दोन पेपर तुमचा निर्णय घेऊन देत नाहीत. शिबिराच्या बाजूने त्यांत पुरावा नाही. पाठपुराव्याच्या बाजूने एक खूण आहे, पण ती कच्ची आहे. तरी पैसे माझे असते तर मी ते पंधरवड्याला येऊन बसणाऱ्या माणसावर घातले असते, कारण त्याच्या वहीत वर्षाच्या शेवटी तिसऱ्या कडीचं काहीतरी लिहिलेलं असेल. शिबिराच्या शेवटी हातात फोटो उरतो. मंडळात यावर अजून वाद चालू आहे, आणि शिबिराच्या बाजूची मंडळी जास्त आहेत. वही मात्र या महिन्यापासून सुरू झाली आहे: कोण आलं, काय बोललं गेलं, कोण सोडून गेलं. सध्या ती अभ्यासिकेच्या कपाटात असते आणि स्वयंसेवकच आळीपाळीने भरतात.